सिद्धलिंगचं टीव्हीतलं मरण

केजमध्ये अजूनही सिद्धलिंग कोरेचं नाव निघालं की लोक पहिल्यांदा विचारतात, "कोण, तो टीव्हीत जळाला तो?" माझं डोकंच फिरतं. अरे, तो नव्हता जळाला. जळाले ते मुंबईच्या एका मालिकेतले कोणी नानासाहेब. पण आमच्या गावाच्या डोक्यात एकदा काही बसलं की ते निघता निघत नाही. म्हणून ठरवलं, आपणच एकदा सगळं नीट सांगून टाकावं. मी हे डोळ्यांनी पाहिलंय, आणि पाहिलं तेव्हा माझी बोबडी वळली होती.

मी उत्तरेश्वर. बाजारपेठेत माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान, आणि भिंतीला भिंत लागून कोऱ्यांचं किराणा दुकान. ते लिंगायत वाणी, आम्ही शेतकरी. पण सिद्धू आणि मी शाळेत एका बाकावर होतो, त्यामुळे त्यांच्या घरात माझा राबता थेट चुलीपर्यंत. त्याचे वडील लवकर गेले. दुकान थोरल्या भावानं, बसवेश्वरनं सांभाळलं आणि दोघा भावांना सांभाळलं त्यांच्या आईनं, रुद्राणीबाईनं. अंगानं काडी, कपाळावर भस्माचे पट्टे, आणि आवाज असा की मी एवढा मोठा झालो तरी तिनं हाक मारली की हातातलं काम खाली ठेवायचो.

सिद्धूचं दुकानात लक्ष कधीच नव्हतं. गिऱ्हाईक पाठमोरं झालं की हा त्याची चाल चालून दाखवायचा. तहसीलचा शिपाई कसा बिडी पेटवतो, पाटोद्याचा पाहुणा कसा शेंगदाणे चाखत चाखत भाव पाडतो, सगळं हुबेहूब. बसवेश्वर ओरडायचा, आम्ही हसून लोळायचो. मग एका वर्षी तेलगावला उसाच्या फडात एका मराठी सिनेमाचं शूटिंग आलं. त्यांच्या भटारखान्याला किराणा पोचवायला सिद्धू गेलता. वाण्याचं काम करणारा त्यांचा नट आलाच नव्हता, तर दिग्दर्शकानं यालाच धोतर नेसवून उभा केला. एकच वाक्य होतं, "माल संपलाय, उद्या या." पण ते त्यानं असं काही म्हटलं की दिग्दर्शकानं मुंबईचा पत्ता दिला. एवढ्या एका वाक्यावर हा गडी चालतं दुकान सोडून निघाला. लग्न झालेलं, बायको शांतादेवी घरात नवी आलेली. मी त्याला तोंडावर सांगितलं, "तुला येड लागलंय बे."

वेड नव्हतं ते. वर्षा-दोन वर्षांत तो सिनेमात दिसायला लागला. कधी पोस्टमन, कधी वकिलाचा कारकून, कधी मुलीचा बाप, कधी हिरोला गाडीखालून ओढून काढणारा रस्त्यावरचा माणूस. पात्राला नाव कुठेच नाही. शेवटच्या नावांच्या पाट्या संपत आल्या, लोक उठून चपला शोधायला लागले की त्याचं नाव कुठेतरी तळाशी सरकून जायचं. मग ते दिवस आले जेव्हा सरकारनं म्हणे परदेशी मालाला दारं उघडली. आमच्या केजमध्ये त्या दारातून आधी डिश आली. गच्च्यांवर छत्र्या उगवल्या, घराघरांत केबलची वायर शिरली, वाहिन्या वाढल्या आणि त्या वाहिन्यांना रोज नव्या मालिका लागायला लागल्या. माझं दुकान जोरात चाललं, आणि सिद्धूचंही. हिरोचा चेहरा एकच असतो, पण त्याच्या आजूबाजूला माणसं तर लागतात ना! लोक टीव्हीकडं बोट दाखवून म्हणायचे, "अरे, हा तर आपला सिद्धू!" आणि पुढच्या मिनिटाला विसरायचे. त्याला त्याचं काही वाईट वाटत नव्हतं. मलाच वाटायचं.

रुद्राणीबाईनं त्याचं एकही काम पाहिलं नव्हतं. "सोंगं करतंय पोरगं," एवढंच म्हणायची. पण मुंबईला जाताना तिनं त्याला एक अट घातली होती. काय वाटेल ते कर, गळ्यातलं उतरवायचं नाही.

आता हे नीट समजून घ्या, कारण सगळं यावरच आहे. लिंगायतांत मूल जन्मलं की त्याला इष्टलिंग बांधतात. ते जन्मभर अंगावरच असतं. रोज डाव्या तळहातावर घेऊन त्याची पूजा होते, आणि माणूस गेला की त्याला जाळत नाहीत, बसवून समाधी देतात. तेव्हाही ते लिंग त्याच्या डाव्या हातात ठेवतात. ज्यानं ते अंगावेगळं केलं, तो त्यांच्या लेखी जिवंतपणीच मेला. माझ्यासारख्या परक्यालाही रुद्राणीबाईनं हे इतक्यांदा सांगितलं होतं की माझं पाठ झालं होतं.

सिद्धूनं अट पाळली. सदऱ्याच्या आत लिंग असायचंच. उघड्या अंगाची कामं त्यानं सरळ नाकारली. कोळी नाकारला, पैलवान नाकारला, एका मोठ्या हिंदी सिनेमातला बैरागी नाकारला. तो बैरागी करून दुसरा एक जण बंगल्यात राहायला गेला, हे मला सिद्धूनंच हसत हसत सांगितलं. मला नाही हसू आलं.

मग त्याला ती मालिका मिळाली. नानासाहेब, घरातला कर्ता माणूस. पहिल्यांदा त्याच्या पात्राला नाव होतं, पहिल्यांदा त्याचं नाव पाटीत वरच्या ओळीत होतं. आख्खं केज रात्रीची जेवणं लवकर उरकून ती मालिका बघायचं. मीच कोऱ्यांच्या घरी नवा रंगीत टीव्ही बसवून दिला होता. त्या आठवड्यात जाहिरातीच तशा चालल्या होत्या, नानासाहेबांचं काय होणार, नानासाहेबांचं काय होणार. शांतादेवीनं मला मुद्दाम बोलावलं, कारण चित्र हलत होतं. मी टीव्हीच्या कडेला वायर धरून, पडद्याकडं मान वाकडी करून उभा. रुद्राणीबाई बाजूला बसून वालाच्या शेंगा सोलत होती, टीव्हीकडं पाठ करून.

नानासाहेब गेले. तिथंवर ठीक होतं, आम्हाला अंदाज होताच. पण पुढं भलतंच दिसलं. सिद्धू तिरडीवर उघडा. नाकात कापूस. गळ्यात इष्टलिंग नाही. त्याच्या जागी जानवं! छातीवर झेंडूचा ढीग. मग सरण, लाकडं, कोणीतरी मडकं घेऊन फिरतंय, आणि धडाधड जाळ. शांतादेवी किंचाळली. त्या आवाजानं म्हातारी वळली.

तिनं सगळं पाहिलं. ओरडली नाही, रडली नाही. सोललेल्या शेंगांची परात तशीच मांडीवर. जाळ संपून साबणाची जाहिरात लागली तरी ती बघतच होती. मग म्हणाली, "उत्तरेश्वरा, बंद कर ते." मी बटण दाबलं.

बसवेश्वर समजवायला लागला, "माय, ते खोटं असतं. लाकडाखाली बाहुला ठिवत्यात."

"जाळ खोटा असंल," ती म्हणाली, "गळा तर त्याचाच हाय ना? गळ्यात लिंग व्हतं का? तूच सांग."

बसवेश्वरनं रात्रीच फोन केला आणि दुसऱ्याच दिवशी सिद्धू आला. एसटीतून उतरून सरळ घरी. म्हातारीनं त्याला तिच्या खोलीच्या उंबऱ्यावरच थांबवलं. मी आणि बसवेश्वर मागं उभे होतो, म्हणून पुढचा शब्दन् शब्द मी ऐकलेला आहे.

"ते उतरवलंस कावून?"

"माय, गळ्यातलं काढलं, पन अंगावरनं सोडलं न्हाई. डाव्या मुठीत व्हतं. दोरा बोटांना गुंडाळला व्हता. ऐन वक्ताला म्हनाले सदरा काढा, सगळे खोळंबले व्हते. मेलेल्याचा हात असा नसतो म्हनून दिग्दर्शक किती ओरडला, तरी मूठ उघडली न्हाई मी. शेवटी त्यानं हातावर फुलं टाकून झाकली. तुझी आन, माय." आणि तो रडायला लागला.

म्हातारी त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. मग म्हणाली, "त्या टीव्हीतल्या पोरीच्या लग्नात ढसाढसा रडलास म्हने. गल्लीतल्या बाया सांगत व्हत्या, खरं पानी आलं डोळ्यांत. परक्याच्या पोरीसाठी तुला खरं पानी आनता येतं. मग हे पानी मी कुठलं समजू?"

सिद्धूचे डोळे तिथल्या तिथं कोरडे झाले. लोकांना खरं वाटावं म्हणून हा माणूस जन्मभर राबला, आणि त्याच गुणानं त्याच्या आईपुढं त्याचं खरं खोटं ठरलं.

"तू मेलास तिथंच," ती म्हणाली. "मेलेल्यानं माझ्या मातीला यायचं न्हाई. माझ्या हातात लिंग बसवेश्वर ठिवील. तू गावातच थांबू नको त्या दिवशी."

मी चिडलो होतो. कोणावर ते सांगता येत नाही, दोघांवरही. मालिकेचा तो भाग केबलवर दुपारी पुन्हा दाखवत, तो मी कॅसेटवर उतरवून घेतला. व्हिडिओ प्लेअर उचलून त्यांच्या घरी नेला, चित्र थांबवून थांबवून म्हातारीला दाखवलं. डावा हात आला की नेमका झेंडूचा ढीग. मनगटापुढं काही दिसेना. मी काचेला नाक लावलं तरी दिसेना. "फुलंच हायेत," म्हातारी म्हणाली आणि उठून गेली.

त्यानंतर सिद्धू सणासुदीला यायचा, पण दुकानात पोत्यांवर बसायचा. आईच्या खोलीकडं जायचा नाही. शांतादेवी त्याचं ताट तिथं आणून द्यायची. गल्लीतल्यांनाही ऊत आला. कोणी म्हणे पुन्हा दीक्षा घे, कोणी म्हणे घे रे, एक विधी केला की झालं. तो म्हणायचा, "सुटलंच न्हाई, तर परत बांधू कावून?" असा हट्टी. मायलेकरं एका मातीची.

मग रुद्राणीबाई न्हाणीत पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. त्या वयात ते जुळत नाही. बाजेला खिळली. सिद्धू हातातलं काम टाकून आला आणि पोत्यांवर बसून राहिला. एका दुपारी बसवेश्वर धावत माझ्या दुकानात आला, "माय बोलावतीय. तुला बी आन सिद्धूला बी."

आत गेलो. म्हातारीचा आवाज तेवढा शाबूत होता. सिद्धूला म्हणाली, "त्या टीव्हीत केलंस तसं माझ्यापुढं कर. मर. बघू दे मला, मेलेल्याच्या हातात मूठ कशी ऱ्हाते ती."

स्वतःच्या घरात, आईपुढं, दिवसाउजेडी मरायचं सोंग? शांतादेवीनं तोंडात पदर कोंबला. बसवेश्वर म्हणाला, "माय, असं अभद्र करू नये घरात." म्हातारीनं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

सिद्धूनं मात्र काही विचारलं नाही. बाजेला लागून सतरंजी अंथरली. सदरा काढला. गळ्यातलं इष्टलिंग काढून डाव्या मुठीत घेतलं, दोरा बोटांना गुंडाळला, आणि आडवा झाला. एकदा छाती भरून श्वास घेतला, सोडला, आणि संपला.

दुसरा शब्द नाही माझ्याकडं. मी टीव्ही उघडून बसणारा माणूस, चित्र कुठून येतं आणि कसं जातं हे मला कळतं. हे मला कळलं नाही. पोटाची हालचाल दिसेना. जबडा किंचित सुटला. चेहऱ्यावरचा रंगच उतरल्यासारखा. एक माशी आली, ओठावर बसली, तिथून पापणीवर गेली, डोळ्याच्या कडेनं चालली. पापणी हलली नाही. मी त्याला लहानपणापासून ओळखतो, तो मला हसवायला काय काय करतो ते मला माहीत आहे, आणि तरी मी एक पाऊल मागं सरकलो. मला पहिल्यांदा कळलं की हा किती मोठा नट आहे, आणि ते कळायला ही जागा मिळावी!

म्हातारीनं बाजेवरून वाकून त्याचा डावा हात उचलला. हात कोपरापासून सैल, दोरी उचलल्यासारखा वर आला. मूठ मात्र गच्च. ती एकेक बोट उघडायला लागली. करंगळी ओढली, अंगठा ओढला, नखं रुतवली. दोन्ही हातांनी जोर लावला. तिचा श्वास फुलला, पण मूठ काही सुटेना.

"बरं," ती म्हणाली. "ऊठ आता."

तो उठला नाही.

"सिद्धू, ऊठ."

काहीच नाही. माशी परत ओठावर आली.

"ऊठ! बास झालं!" ती ओरडली. त्याच्या छातीवर चापट मारली. बसवेश्वर पुढं झाला, मी पुढं झालो, आणि खरं सांगतो, त्या क्षणी आम्हा दोघांनाही वाटलं की झालं, गेला. म्हातारीनं टाहो फोडला. "माझ्या लेकरा, माझ्या वाघा, मला टाकून कुठं गेलास रे," असा, मेलेल्या माणसापाशी बाया रडतात तसा, गळा काढून. टीव्हीवरचा जाळ जी डोळ्याला पदर न लावता बघत बसली होती, ती बाई हंबरडा फोडून रडत होती. आणि रडता रडता तिच्या हातातून त्याची मूठ सुटली.

तेव्हा सिद्धूनं डोळे उघडले.

मी त्याला शिवी हासडली. जी तोंडात आली ती, त्याच्या आईच्या देखत. "बे, मारतोस का आम्हाला! उठायला काय झालतं?"

तो हळूच म्हणाला, "मायनं हात धरला व्हता ना. मधीच कसा उठू?"

मग त्यानं स्वतः मूठ उघडली. इष्टलिंग तळहातात रुतून लालभडक वळ उठला होता, बोटांना दोऱ्याचे काचे पडले होते. म्हातारीनं त्या वळावरून बोट फिरवलं. मग तिनं ते लिंग उचलून स्वतःच्या हातांनी त्याच्या गळ्यात बांधलं. "माझ्या मातीला तूच," म्हणाली. "माझ्या हातात तूच ठिवायचं. पन एक सांगते, आता परत मरायचं न्हाई. टीव्हीत न्हाई, सिनेमात न्हाई. मी एकदा रडले, परत न्हाई रडनार."

"न्हाई मरनार, माय," तो म्हणाला.

तो शब्द त्यानं पाळला आणि तिथंच त्याचा धंदा बसला. त्याच्या वयाच्या नटाला कामं कसली मिळतात? हिरोचा बाप, नायिकेचे आजोबा, आणि असल्या माणसांना मालिकावाले तीन महिन्यांत मारतातच, त्याशिवाय घरात भांडणं कशी लावणार? सिद्धू आधीच विचारायचा, "हा मरतो का?" हो म्हटलं की नाही म्हणायचा. लोकांना वाटायचं भाव खातोय. पुन्हा पोस्टमन, पुन्हा कारकून, पुन्हा पाटीच्या तळाशी नाव. मी त्याला म्हणालो, आईला कळणार पण नाही. त्यानं डावी मूठ वळून माझ्यापुढं धरली.

रुद्राणीबाई पुढच्या उन्हाळ्यात गेली. आख्खी पेठ जमली, आणि मला सांगायला लाज वाटते, अर्धी माणसं नट कसा रडतो ते बघायला आली होती. म्हातारीला न्हाऊ घालून, भस्म लावून, बसवून ठेवलं होतं. सिद्धू रडला नाही. एक टिपूस नाही. मागं कुजबुज सुरू झाली, टीव्हीत रडतो, आईला नाही रडला. माझा हात शिवशिवत होता, पण मयत घरात होतं म्हणून गप्प राहिलो.

विधीला आलेल्या स्वामींनी खूण केली तसं त्यानं आईच्या गळ्यातलं इष्टलिंग काढून तिच्या डाव्या तळहातावर ठेवलं. दोरा तिच्या बोटांना गुंडाळला, आणि एकेक बोट मिटवून मूठ वळली. मग तिनं त्याची उघडायला पाहिली होती तशी, करंगळीपासून, त्यानं ती उघडायला पाहिली. ओढली, जोर लावला. मूठ सुटली नाही. उचलायला माणसं पुढं आली, त्यांना त्यानं हातानं थांबवलं. तिचा हात त्यानं सोडला, मागं सरकला, आणि तिच्याच आवाजात, अगदी तिच्याच, म्हणाला,

"ऊठ. बास झालं."

तो वाट बघत राहिला. आणि देवाशपथ सांगतो, मीही म्हातारीच्या पापण्यांकडं बघत तसाच उभा राहिलो.